माझ्या वजनाक लाव

आबाकाकांचा बांबू दहा हात लांब आहे. खालच्या टोकाला पितळी कडं, आणि मधला भाग तळहातांनी घासून घासून मधाच्या रंगाचा झालेला. त्या बांबूवर त्यांनी कालावल खाडीत साठ वर्षं होडी रेटली. गेल्या दिवाळीनंतर त्यांचा उजवा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर न्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बांबू रोवायचा म्हटलं की हात आधी डोक्याच्या वर जातो, मग होडी पुढे जाते.

खाडीत आमचा जुवा आहे. नदीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या मातीचं बेट म्हणजे जुवा. गडनदी कणकवलीकडून उतरत मसुऱ्याला येते, तिथं भरतगड आणि भगवंतगड पाण्याच्या दोन बाजूंना उभे आहेत, आणि पुढे तळाशीलच्या रेतीच्या पट्ट्याआड ती रुंद, आळशी, खारी होत समुद्राला मिळते. या शेवटच्या टप्प्यात लहानमोठे जुवे आहेत. आमच्यावर माड आहेत, एक खोपी आहे आणि गोड्या पाण्याचा थेंब नाही. माड कंत्राटानं देऊन टाकावेत असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं. आबा काहीच बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणूनच मी पुण्याहून रजा काढून आले.

मी गाड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं मोजमापाचं काम केलं आहे. होडीला आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून टांगायचं पेट्रोलचं मशीन, लावणं मला सोपं वाटत होतं. क्लँपचे दोन स्क्रू मागच्या फळीला आवळायचे, पेट्रोलची नळी जोडायची, दोरी ओढायची.

होडी चौदा फुटी, फायबरची, सपाट बुडाची. समुद्रात ती कुणी नेणार नाही, लाट बुडावर सरळ थाप मारते. पण खाडीत सुकतीला वीतभर पाणी उरतं तिथूनही ती सरकते, आणि चिखलात बसली तर कलंडत नाही, पाटासारखी बसून राहते. आबा तिला कधी घाईनं नेत नसत, कारण घाई पाण्याची असते हे त्यांना ठाऊक होतं. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ येते, हा त्यांचा हिशेब. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकणारी भरती या एका गुणाकारात बसते. मी मोबाइलवर भरतीचं कोष्टक उघडून पडताळून पाहिलं आणि कोष्टक बंद केलं.

पहिली चूक मोजण्यातच झाली, आणि ती माझी. आउटबोर्ड मशीनच्या दांड्याची, म्हणजे पाण्यातल्या पंख्यापर्यंत खाली उतरणाऱ्या भागाची, लांबी होडीच्या मागच्या फळीच्या उंचीशी जुळावी लागते. आखूड दांड्याचं मशीन पंधरा इंच फळीसाठी, लांब दांड्याचं वीस इंचांसाठी. मी आल्याच दिवशी टेप लावला, साडेएकोणीस भरले, आणि लांब दांड्याचं आठ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन मागवलं. ते आलं, चौघांनी उचलून फळीवर ठेवलं, आणि तेव्हा दिसलं की फळीला मधोमध खाच आहे. मशीन बसतं त्या खाचेत. मी टेप लावला होता कडेला. खाचेतलं माप होतं साडेपंधरा इंच.

चार इंच म्हणजे काय, ते पाण्यात कळलं. पंख्याच्या जरा वर एक आडवी, पसरट पट्टी असते. तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचं खरं काम वरची हवा पंख्यापर्यंत ओढली जाऊ नये हे आहे. ही पट्टी होडीच्या बुडाशी समपातळीत किंवा फार तर इंचभर खाली असावी लागते. आमची साडेचार इंच खाली गेली होती. पाण्यात नको इतका बुडालेला दांडा पाणी कापत नाही, उडवतो. तो फवारा फळीवर चढून आत येऊ लागला आणि चिखलाच्या पहिल्याच उंचवट्यावर पंखा घासला. आबांनी न बोलता खाली वाकून नारळाच्या करवंटीनं पाणी उपसायला घेतलं.

मशीन परत करावं असा सल्ला मला मिळाला. पण लांब दांड्याचं मशीन उंच फळीवर बसवलं तर ते कामच करतं, आणि आमची फळी कडेला साडेएकोणीस इंच होतीच. खाच भरून काढली की झालं. जुन्या घराचं माजघर पाडलं तेव्हाची सागाची चौकट पडवीत उभी होती. तिच्यातून खाचेच्या मापाचा ठोकळा काढला, फळीच्याच जाडीचा. त्याच्या वरच्या कडेला आजीच्या हातचा शेंदराचा ठिपका होता, तो रंध्यातून जाऊ नये म्हणून ती बाजू आतल्या अंगाला घेतली. मालवणच्या फायबरच्या कारागिरानं आजूबाजूचा जुना थर फूटभर घासून खडबडीत केला आणि आतून-बाहेरून काचतंतूंची मॅट आणि चिकट रेझिन यांचे थर चढवले. दोन्ही कोपऱ्यांत फळीपासून होडीच्या कुशीपर्यंत तिरके आधारही दिले. मशीन जितकं उंच, तितका त्याचा रेटा फळीला जास्त पिळतो, म्हणून आधार हवेतच.

स्क्रू आवळून भागत नाही, हे इथं आवर्जून सांगते. मशीनचे क्लँप कंपनांनी सैल होतात. ब्रॅकेटला भोकं दिलेली असतात, त्यांतून आरपार बोल्ट घालायचे, गंजणार नाहीत असे. आणि प्रत्येक भोकाच्या आतली कड सीलंटनं भरून घ्यायची. फायबरच्या फळीच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. एका उघड्या भोकातून शिरलेलं पाणी बाहेरून काहीही न दिसता सगळं लाकूड कुजवतं. वरून दोरीही बांधायची. चाळीस किलोच्या घरातलं मशीन खाडीच्या तळाशी गेलं तर भरतीची वाट बघून भागत नाही.

पाण्यात नेण्याआधी ते विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या पिंपात चालवलं. मागून पाण्याची बारीक धार पडू लागली. ही धार म्हणजे मशीनची नाडी. खालून पाणी खेचून इंजिन थंड करणारा रबरी पंखा आत फिरतो आहे, याची तीच एक दिसणारी खूण. आबा त्या धारेखाली बोट धरून उभे राहिले. कोमट लागली तेव्हा मान हलवली. पुढे मी त्यांना कितीतरी गोष्टी शिकवल्या, पण धारेकडे बघायला कधी सांगावं लागलं नाही. दर पाच-सहा मिनिटांनी त्यांची मान आपोआप मागे वळते.

नव्या मशीनला पहिले दहा तास जपून चालवायचं असतं. पहिला तास तर अगदी हळू. हे दहा तास मला आता सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे वाटतात, कारण मशीनला वेग नव्हता आणि आबांना बोलायला वेळ होता. ते पुढच्या बाकावर, मी मागे सुकाणूचा दांडा धरून. पाण्याचा पृष्ठभाग वाचायचा कसा, ते त्यांनी मला त्या दहा तासांत सांगितलं. वाऱ्याच्या सुरकुत्यांमध्येच एखादा पट्टा तेल सांडल्यासारखा गुळगुळीत दिसला तर खाली चिखल वर आलेला आहे. बारीक, एकाच जागी थरथरणारी लहर असेल तर खाली खडक, आणि खडकावर कालवं, म्हणजे धार. नदी वळते तिथं बाहेरच्या अंगाला पाणी खोल, आतल्या अंगाला गाळ. तिवरांच्या मुळांवर चिखलाची रेघ कुठवर आली आहे ते बघून पाणी किती उतरलं ते कळतं. बांबूला हे सगळं टोकाशी लागत होतं. मशीनला लागत नाही, लागलं की मोडतं.

तासाभराच्या वळणावळणाच्या फेऱ्यांत एक नवीन दुखणं बाहेर आलं. सरळ जाताना सगळं ठीक. वळताना मात्र मशीनचा आवाज एकदम चढे आणि होडी मात्र ढिली पडे, जणू पायाखालची पायरी सुटली. मी दांडा सोडून वहीत काहीतरी लिहू लागले. आबा म्हणाले, "आवाज आयकलंस? ती वारो खाता गो."

ती खरंच वारा खात होती. पंख्याला पाण्याऐवजी हवा मिळाली की तो मोकळा फिरतो. मला वाटलं मशीन जास्तच उंच झालं. ठोकळा अर्धा इंच तासायचा विचारही केला. पण मग सरळ जाताना का होत नाही? होडी किनाऱ्यावर पालथी घातली आणि उत्तर बुडावर दिसलं. सपाट बुडाच्या होडीला भरकटू नये म्हणून मधोमध लांबलचक पट्टी दिलेली असते. आमची पट्टी थेट मागच्या टोकापर्यंत गेली होती, नेमकी पंख्याच्या समोर. चालत्या होडीत तिच्या दोन्ही बाजूंनी फेसाळ, बुडबुड्यांचं पाणी येतं आणि पंखा तेच गिळतो. पट्टीचा शेवटचा दीड फूट कापला, टोक निमुळतं केलं, उघडं पडलेलं फायबर पुन्हा बंद केलं. ठोकळ्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी भगवंतगडाच्या खालच्या वळणावर आबांनी मुद्दाम तीनदा गोल फिरायला लावलं. आवाज एका सुरात राहिला.

नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिलवॉकीला राहणाऱ्या ओले एव्हिनरूड यांनी 1909 साली दीड हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड बाजारात आणलं. धंदा चांगला चालला अशा सुरुवातीच्या आउटबोर्डांपैकी ते एक. तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळलं, आणि त्यातून कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. ते आइस्क्रीम जिच्यासाठी होतं ती बेस पुढे त्यांची बायको झाली, आणि वल्ही फेकून द्या असं सांगणारी जाहिरात तिनं लिहिली. एव्हिनरूड नावाची मशीन 2020 पर्यंत बनत होती. मला ओले यांच्याबद्दल आदर आहे. पण वल्ही फेकायची नाहीत. आमच्या होडीत दोन वल्ही आणि तो बांबू कायम आहेत. पेट्रोलचा भरवसा धरावा, पण पाण्यात बसून धरू नये.

आणि पेट्रोलचा भरवसा हल्ली कमीच धरावा लागतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. आमच्या मशीनच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलं आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. खाडीवर हवेत ओलाव्याशिवाय असतं काय? पाणी जास्त झालं की ते आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि नळी तर तळातूनच ओढते. म्हणून आम्ही आठवड्याला लागेल तेवढंच आणतो, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावला आहे, आणि पावसाळ्याआधी कार्ब्युरेटर पूर्ण रिकामा करायचा असं पडवीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं आहे.

आता वेगाचं. मशीन पूर्ण दाबल्यावर मिनिटाला पाच ते सहा हजार फेरे व्हावेत असं पुस्तिका सांगते. मी प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा मीटर आणला होता. आम्ही दोघं आणि साठ-सत्तर नारळ घेऊन निघालो तर फेरे 4800 च्या पुढे जाईनात. म्हणजे इंजिन ओझ्याखाली दबलं होतं, सायकल चढावर वरच्या गिअरमध्ये रेटावी तसं. पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला त्याचा व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो घट्ट वस्तूत स्क्रूसारखा किती इंच पुढे गेला असता ते. पाणी घट्ट नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच जातो. पिच एक इंचानं कमी केलं की साधारण दोनशे फेरे वाढतात. नऊचा पंखा काढून आठचा बसवला, काटा पाच हजारांवर आला. वेग मोबाइलवर मोजायचा तर प्रवाहाबरोबर एकदा आणि प्रवाहाविरुद्ध एकदा, दोन्हींची सरासरी. नाहीतर ओहोटीचं श्रेय मशीनला मिळतं.

मशीन किती तिरकं बसवायचं हे एका खिळीनं ठरतं. ब्रॅकेटमध्ये भोकं असतात, खिळी बाहेरच्या भोकात घातली तर होडीचं नाक वर येतं, आतल्या भोकात घातली तर खाली दबतं. फार बाहेर गेली की सपाट बुडाची होडी बेडकासारखी उड्या मारत, नाक आपटत चालते. मी एकेक भोक बदलत, वहीत लिहीत, तिसऱ्या भोकावर येऊन थांबले. होडी पाण्यावर आडवी, शांत चालली होती. मागे पाण्याची रेघ सरळ. मला फार समाधान वाटलं. आबांना म्हटलं, "आबा, लागलं बघा सगळं. आता तुम्ही एकटे जाऊन या."

ते मागे येऊन बसले, मी किनाऱ्यावर उतरले. होडी पंचवीस-तीस हात गेली आणि तिचं नाक आभाळाकडे गेलं. मागे चाळीस किलोचं मशीन, शेजारी पेट्रोलची टाकी, त्यांच्यासोबत आबा. सगळं वजन शेवटच्या तीन फुटांत, आणि पुढे काहीच नाही. समोर मासे धरायला रोवलेले खुंट होते आणि नाकाच्या आड ते आबांना दिसत नव्हते. त्यांनी मशीन बंद केलं, वल्ह्यानं हळूहळू परत आले. होडी वाळूला टेकली तरी उतरले नाहीत.

"ह्यां तुझ्या वजनाक लावलंस गो," ते म्हणाले. "माझ्या वजनाक लाव."

मी किनाऱ्यावर उभी राहिले. तीन आठवडे मी होडी मोजली होती, फळी मोजली होती, पंख्याचे फेरे मोजले होते. प्रत्येक चाचणीत दांड्यावर मी होते आणि पुढे ते. माझं वजन अडुसष्ट, त्यांचं एक्कावन्न, आणि हा फरक त्यातला लहान. खरा फरक जागेचा होता. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो माणूस माझ्या सगळ्या आकड्यांत नाकाजवळचं वजन म्हणून धरला गेला होता.

त्या रात्री वहीचं नवीन पान घेतलं. वर लिहिलं: आबा, एकटे. दुसऱ्या दिवशी टाकी पुढे हलवली, तिच्यासाठी लांब नळी आणली. जुव्यावर प्यायचं पाणी न्यावंच लागतं, ते वीस लिटरचे दोन कॅन अगदी नाकात ठेवायचे ठरले. सुकाणूच्या दांड्याला दोन फुटांचा जोड दिला, म्हणजे मागच्या कोपऱ्यात न बसता त्यांना मधल्या बाकावर बसून सुकाणू धरता येईल. हात खांद्याच्या खालीच राहतो आणि तोंड थेट समोर. खिळी तिसऱ्या भोकातून दुसऱ्यात आली. एवढ्यावर नाक खाली बसलं. खुंट दिसू लागले. एकटे असताना फेरे 5700 पर्यंत जात होते, म्हणजे आठचा पंखा त्यांनाही चालणार होता.

एक गोष्ट उरली होती आणि तिच्यावरून आमचं वाजलं. मशीनला लाल दोरी असते. तिचं एक टोक बटणात, दुसरं चालवणाऱ्याच्या अंगावर. माणूस पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि मशीन बंद पडतं. नाहीतर मोकळी होडी गोल फिरून पंख्यासकट त्याच माणसावर येते. आबा म्हणाले, मनगटाला बांधली तर बांबू उचलताना अडकते. खरंच अडकत होती. मी म्हटलं, मग लाइफ जॅकेटच्या कडीला. तेही त्यांना पटेना, कारण उन्हात जॅकेट काढावंसं वाटतं आणि दोरी त्याच्याबरोबर जाते. मी चिडले, दोन वाक्यं जास्त बोलले. ते ऐकून घेत राहिले. मग त्यांनी सदरा जरा वर केला आणि दोरीची कडी करगोट्यात अडकवली. करगोटा नवा, दुहेरी पिळाचा, गाठ पक्की. मी दोनदा जोरात ओढून बघितली. बटण सुटलं, करगोटा जागचा हलला नाही. जॅकेट घालायचं आणि कडी करगोट्याला, असं ठरलं.

मार्गशीर्षातल्या अष्टमीला ते एकटे गेले. सकाळी सहाच्या भरतीवर निघाले, म्हणजे अंधारच होता. आधी होडी दिसेनाशी झाली, मग नुसता आवाज उरला, मग तोही तळाशीलच्या वाऱ्यात मिसळला. मी धक्क्यावर बसून राहिले. आठ वाजले. पाणी उतरत चाललं होतं. तिवरांच्या मुळांवर ओली रेघ उघडी पडू लागली, ती किती खाली आली ते मी बोटांनी मोजत होते.

साडेआठला आवाज परत आला. एका सुरात, न चढता, न पडता. होडी वळणावरून बाहेर आली तेव्हा तिचं नाक मला हवं तसं पाण्याला धरून होतं, आणि माझ्या काळजात चर्र झालं, कारण पाण्याचे कॅन तर जुव्यावर रिकामे व्हायचे होते. रिकामे कॅन नाकात ठेवून होडी अशी बसायला नको होती. परतीच्या वजनाचा विचार माझ्या वहीत कुठेच नव्हता.

होडी जवळ आली. नाकात नारळ रचले होते, सोलून न काढलेले, दोन थर. मधल्या बाकापाशी एकही नाही, मागेही एकही नाही. रिकामे कॅन आबांच्या पाठीमागे पडले होते. धक्क्यापासून वीसेक हातांवर त्यांनी मशीन बंद केलं, मशीनचा दांडा पाण्यातून उचलून वर टेकवला, आणि डाव्या हातानं बांबू घेऊन बसल्या बसल्याच तळाला हलकेच लावला.

"चाळीस नारळ लागले," ते म्हणाले. "पन्नास घातले तर नाक बुडता. लिवून ठेव."